जलपरीला आत्मा कशाला हवा होता?

मंडळी, आजची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. जलपरी राजपुत्राच्या प्रेमात पडते, आवाज देऊन पाय घेते, वरती जमिनीवर येते. पुढचं ज्याला जसं आठवेल तसं. कुणाला लग्नाची वरात आठवते, कुणाला डिस्नेचा तो लाल खेकडा. हान्स क्रिस्तियन अँडरसनने ही कथा ७ एप्रिल १८३७ रोजी कोपनहेगनमध्ये एका छोट्या पुस्तिकेत छापली. ती आज आपण सावकाश वाचणार आहोत. त्याच पुस्तिकेत राजाच्या नव्या कपड्यांची गोष्टही होती. एका पुस्तिकेत एवढं दोन्ही, म्हणजे वाचकाची चैनच म्हणायची.

आधी ‘मूळ’ या शब्दाचं बघू. परीकथांच्या बाबतीत हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. ग्रिम बंधूंच्या हिमगौरीचं उदाहरण घ्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मग मूळ कुठलं? १८१२ चं? की ज्या बायाबापड्यांनी ती गोष्ट ग्रिमना सांगितली त्यांच्या तोंडचं? ते तर हवेत विरून गेलं. अँडरसनच्या जलपरीबाबत मात्र हा पेच नाही. पाणदेवतांच्या जुन्या समजुती त्याच्या मागे आहेत, पण ही कथा एका माणसाने टेबलाशी बसून रचलेली आहे. हिचा अर्थ नीट कळायला वाचक मोठा लागेल असंही तो प्रस्तावनेत प्रौढांना सांगून ठेवतो. तेव्हा इथे आपण बिनदिक्कत ‘मूळ’ म्हणू शकतो.

कथेची सुरुवात समुद्राच्या खोलीपासून होते. ही खोली कशी मोजली आहे तेवढं लक्षात ठेवा. नांगराचा दोर पुरत नाही इतकं खोल, आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत यायचं तर चर्चचे मनोरे एकावर एक कितीतरी रचावे लागतील. समुद्र मोजायला चर्चचा मनोरा! लेखकाने सहज लिहिलं असेल, पण माप मांडलं गेलं आहे. खाली राहणाऱ्यांना वर काय गाठायचं आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगून झालं.

पुढे समुद्राचा राजा विधुर आहे, त्याची म्हातारी आई घर सांभाळते आणि सहा नाती आहेत. आजी कुळाचा अभिमान बाळगणारी. शेपटीवर बारा कालवं लावून मिरवते, कारण इतर घरंदाज बायकांना सहाचीच परवानगी. धाकटीला पंधरावं लागतं, वरती जायची पाळी येते, तेव्हा आजी तिच्याही शेपटीला आठ कालवं चिकटवते. दुखतं गं, असं पोर म्हणते. मानाने राहायचं तर थोडं सोसावंच लागतं, असं आजी सुनावते. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघरात नऊवारी चापून नेसवणाऱ्या आत्याबाईंच्या तोंडी शोभेल असंच हे बोलणं आहे. हसू येतं. पण पुढे हीच मुलगी सुऱ्यांवर चालल्यासारखी पावलं टाकणार आहे, तेव्हा हे सोसणं आपल्याला परत आठवतं. फरक एवढाच की पहिलं दुखणं दुसऱ्यांनी लादलेलं होतं आणि दुसरं तिने स्वतः विकत घेतलेलं.

आता प्रत्येकीला समुद्राखाली बागेचा एक तुकडा दिलेला आहे. बाकीच्या पोरी त्यात बुडालेल्या जहाजांमधलं काहीबाही मांडतात. धाकटी फक्त सूर्यासारखी लाल फुलं लावते आणि एका तरुणाचा संगमरवरी पुतळा ठेवते. म्हणजे राजपुत्र दिसण्याच्या आधीच तिचं मन एका मुक्या आकृतीवर जडलेलं आहे. पुढे उलटंच होतं. राजपुत्राच्या महालात मुकी आकृती तीच होते आणि तो तिच्याकडे कौतुकाने बघतो, जसं आपण बागेतल्या पुतळ्याकडे बघतो. ही जुळणी लेखकाने बोट दाखवून सांगितलेली नाही.

आता आपण कथेच्या गाभ्याशी येऊ. जहाज फुटतं, ती राजपुत्राला वाचवते, किनाऱ्यावर एका देवळाजवळ ठेवते, तिथली एक मुलगी त्याला बघते, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला वाटतं, हिनेच मला वाचवलं. जलपरी घरी परत येते आणि आजीला प्रश्न विचारते. तो प्रश्न राजपुत्राविषयीचा नाही. माणसं बुडाली नाहीत तर ती कायमची जगतात का, असं ती विचारते. आजी सांगते की माणसंही मरतात, आपल्यापेक्षा लवकरच. आपल्याला तीनशे वर्षं मिळतात. पण मेल्यावर आपण पाण्यावरचा फेस होतो, आपली थडगीसुद्धा राहत नाहीत. माणसांना अमर आत्मा असतो, शरीराची माती झाली तरी तो वर जातो. आणि मग आजी म्हणते, सोड तो विचार, तीनशे वर्षं पुष्कळ झाली, नाचू बागडू, नंतर निवांत पडून राहू. आजीबाई पक्क्या चार्वाकपंथी आहेत! आणि त्यांचं काही चुकतं आहे असं कथा कुठे म्हणत नाही. समुद्रातल्या सगळ्यांत शहाण्या आणि सुखी बाई त्याच आहेत.

पण नातीचं समाधान होत नाही. एक दिवस माणूस होऊन त्या वरच्या लोकात वाटा मिळणार असेल तर ती तीनशे वर्षं द्यायला तयार आहे. तेव्हा आजी त्यातली मेख सांगते. एखाद्या माणसाने तुझ्यावर आईबापांपेक्षा जास्त प्रेम केलं, पुरोहिताने त्याचा उजवा हात तुझ्या हातात देऊन निष्ठेची शपथ घेववली, तर त्याचा आत्मा तुझ्यात उतरेल आणि त्याचा त्याच्याकडेही राहील. दिव्याने दिवा लावावा तसं. बघा, राजपुत्र कुठे येऊन बसला ते. त्याच्यावर तिचं प्रेम आहे हे खरंच, पण तो एका मोठ्या प्रश्नाचा दरवाजाही आहे. या दोन ओढी लेखकाने एकमेकींपासून सोडवलेल्या नाहीत. ज्यांनी ही कथा निव्वळ प्रेमकथा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितली, त्यांनी आजीचं हे बोलणं गाळलं किंवा दोन ओळींत उरकलं.

इथे मराठी वाचकाची एक खास पंचाईत होते आणि तिच्यावर आपण जरा रेंगाळू. डॅनिश शब्दासाठी आपण ‘आत्मा’ लिहितो. दुसरं काय लिहिणार? पण ‘आत्मा’ लिहिताच वाक्य वेडंवाकडं होतं. जलपरीला आत्मा नाही? आपल्याकडे मुंगीला आहे, झाडाला आहे, पैठणच्या त्या वेद म्हणणाऱ्या रेड्याला आहे. ज्ञानदेवांच्या त्या आख्यायिकेचा सगळा जोर तर यावरच आहे की त्याच्यात आणि ब्रह्मवृंदात एकच तत्त्व नांदतं. गजेंद्राला मोक्ष मिळतो तो माणूस न होता. जैन तर पाण्यातच जीव मानतात, मग पाण्यातल्या कन्येचं काय विचारता. बौद्धांनी आत्मा नाकारला, पण तो सगळ्यांचाच नाकारला, माणसाचा राखून माशाचा नाही. त्यामुळे आपला वाचक ही कथा वाचताना मनातल्या मनात म्हणतो, अगं, तुला आहेच की तो, उगाच जीभ कशाला कापून घेतेस?

जिच्यासाठी जीभ कापून घ्यावी अशी ती गोष्ट काय, हे समजायला त्या परंपरेत शिरावं लागतं. ॲरिस्टॉटलने वनस्पतींपासून माणसापर्यंत पायऱ्या लावल्या. वनस्पतींपाशी पोषणाची शक्ती, प्राण्यांपाशी संवेदनेचीही, माणसापाशी बुद्धीचीही. मध्ययुगात थॉमस अक्वायनसने त्या शिडीवर ख्रिस्ती धर्माचा मजला चढवला. देहाबरोबर न मरणारा आत्मा फक्त बुद्धिवान माणसाचा. देकार्तने तर प्राण्यांना यंत्राच्या रांगेत बसवलं. मग मधल्या लोकांचं काय? जे दिसतात माणसासारखे, बोलतात, गातात, विचार करतात, पण माणूस नाहीत? सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने याचा विचार केला. जल, वायू, पृथ्वी, अग्नी यांत राहणारे हे जीव माणसासारखे आहेत, पण त्यांना आत्मा नाही, आणि माणसाशी लग्न झालं तर तो मिळतो, असं त्याने मांडलं. तिथून ही कल्पना १८११ साली फूके या जर्मन लेखकाच्या ‘उंडीन’ या कथेत आली आणि तिथून अँडरसनपर्यंत. म्हणजे आजीबाईंनी सांगितलेला नियम त्यांच्या पदरचा नाही, त्याला तीनशे वर्षांचा इतिहास आहे. जलपरीच्या आयुष्याइतकाच!

असं सगळं बघितल्यावर आम्हाला ‘आत्मा’ हा शब्द इथे पुरता बसत नाही असं वाटतं. ‘परलोकातला वाटा’ असं काहीतरी अर्थाच्या जास्त जवळ जाईल, पण ऐकायला वकिली वाटतं. आत्मा हे आपल्या लेखी असण्याचं दुसरं नाव आहे. तिच्या लेखी तो हक्क आहे आणि त्या हक्काच्या यादीत तिच्या जातीचं नाव नाही. असं म्हटलं की लगेच कळतं, नाही का? यादीत नाव नसणं म्हणजे काय हे आपल्या समाजाला समजावून सांगावं लागत नाही.

चेटकिणीबद्दल फार बोलायला नको, पण एक मुद्दा सुटता कामा नये. ती भयंकर आहे हे खरं. बुडालेल्या माणसांच्या हाडांचं घर, तोंडातून बेडकाला भरवणं वगैरे. पण ती खोटं बोलत नाही. हा तुझा मूर्खपणा आहे, याने तुझं वाटोळं होईल, असं ती आधीच सांगते. पाय मिळतील पण प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्यासारखं होईल, परत जलपरी होता येणार नाही, आणि त्याने दुसरीशी लग्न केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं काळीज फुटेल, तू फेस होशील. सगळ्या अटी समोर. मुलगी हो म्हणते. १९८९ च्या डिस्नेच्या चित्रपटात चेटकीण तीन दिवसांची मुदत घालते, चुंबनाची अट घालते, वर वेष पालटून स्वतःच राजपुत्राला भुलवते. फसवणारी आली की फसलेल्याची जबाबदारी संपते. शेवटी खलनायिकेला मारलं की सगळं सुरळीत. अँडरसनच्या कथेत मारायला कुणी नाहीच. दुःख आहे आणि दोषी सापडत नाही. मुलांना हे झेपणार नाही असं मोठ्यांना वाटतं, मुलांचं काय ते मुलं जाणोत. आणखी एक गंमत बघा. चित्रपटात ‘आत्मा’ हा शब्द चेटकिणीच्या गाण्यात येतो, करारात अडकलेल्या बिचाऱ्या जलवासीयांसाठी. म्हणजे तिथे पाण्यातल्या लोकांना तो पहिल्यापासूनच आहे. मूळ कथेचा प्रश्नच उरला नाही, उरलं ते प्रेमप्रकरण.

राजपुत्राचं काय? तो वाईट नाही. हेच त्याचं भयंकरपण म्हणावं लागेल. ती त्याला आवडते. तो तिला आपलं सापडलेलं बाळ म्हणतो, आपल्या दारापाशी मखमली उशीवर झोपण्याची परवानगी देतो, घोड्यावरून बरोबर फिरता यावं म्हणून पुरुषी कपडे शिवून देतो, तिच्या केसांशी खेळतो. कधी लग्न करावंच लागलं तर तुझ्याशीच करीन, असंही बोलून जातो. दारापाशी उशी! घरातही नाही आणि घराबाहेरही नाही. ज्यांना मोठ्या घरात आश्रयाला राहायचा योग आला त्यांना ही उशी ओळखीची वाटेल.

इथे अँडरसनचं चरित्र डोकावतं. चांभाराचा आणि धुणावळीचा मुलगा, कोपनहेगनच्या कॉलिन कुटुंबाच्या आश्रयाने शिकला, मोठा झाला. त्या घरातला मुलगा एडवर्ड हा त्याचा जिवाभावाचा. आपण एकमेकांना अरे-तुरे करू या, असं अँडरसनने त्याला पत्रातून सुचवलं. डॅनिश भाषेतही आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘आपण’ हा भेद होता. एडवर्डने नकार दिला. मराठी माणसाला या नकाराची धार भाषांतराशिवाय कळते. पुढे १८३६ च्या ऑगस्टमध्ये एडवर्डचं लग्न झालं आणि पुढच्या वसंतात ही कथा आली. मुकी जलपरी म्हणजे अँडरसन, राजपुत्र म्हणजे एडवर्ड, अशी मांडणी बऱ्याच अभ्यासकांनी केली आहे. ती खोटी आहे असं आमचं म्हणणं नाही. पण तिच्यावर थांबलं की कथा पुन्हा प्रेमभंगाची होते, म्हणजे फिरून तिथेच आलो. एडवर्डने नकार दिलेला माणूस अमरत्वाचा प्रश्न का विचारत बसेल? याचं उत्तर त्या चरित्रात नाही.

शेवटाकडे येऊ. शेजारच्या राजाची मुलगी बघायला राजपुत्र जातो आणि ती नेमकी देवळातली मुलगी निघते. लग्न होतं. जहाजावर रात्रभर नाच चालतो, जलपरीही नाचते. पहाटेच्या आधी तिच्या पाचही बहिणी पाण्यातून वर येतात, केस कापलेले. ते केस चेटकिणीला देऊन त्यांनी एक सुरी आणली आहे. राजपुत्राच्या काळजात ती खुपस, त्याचं गरम रक्त पायांवर पडलं की परत शेपटी येईल आणि उरलेली वर्षं जगशील. ती तंबूत जाते. तो झोपेत बायकोचं नाव घेतो. सुरी हातात थरथरते. ती त्याच्या कपाळाचं चुंबन घेते आणि सुरी समुद्रात भिरकावते.

नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रसंग शिकवायला हवा. त्या क्षणी तिच्या हिशेबात काय आहे? आत्मा मिळायची शक्यता संपलेली आहे. त्याचं प्रेम मिळणार नाही. तिने काय केलं हे त्याला कधी कळणारही नाही. मारलं तर तीनशे वर्षं, न मारलं तर फेस. म्हणजे न मारण्याच्या बाजूला फळ म्हणून काहीच नाही, स्वर्गही नाही. आत्मा नसलेल्या जिवाने केलेलं हे कृत्य आहे आणि आत्मा असलेल्या भल्याभल्यांना ते जमत नाही. फळाची अपेक्षा सोडून कर्म करावं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आपल्याकडे ते ऐकणाऱ्या अर्जुनाला निदान आत्मा अमर आहे ही हमी आधी मिळालेली होती. या मुलीकडे तीही नाही. कांटने ज्याला कर्तव्यासाठी कर्तव्य म्हटलं, त्याच्या अगदी जवळ ही पोर उभी आहे. अर्थात तिला कर्तव्य हा शब्द सुचणार नाही, तिचं प्रेम आहे म्हणून हात थांबतो. कांटचे कट्टर अनुयायी इथे नाक मुरडतील, मुरडू द्यावं.

पण कथा तिथे संपत नाही. ती पाण्यात उडी घेते, विरघळते, आणि फेस होण्याऐवजी वायुकन्या होते. वायुकन्यांनाही आत्मा नसतो, पण तीनशे वर्षं सत्कृत्यं करून त्यांना तो स्वतः कमावता येतो. पुष्कळांना हा शेवट चिकटवलेला वाटतो. तो नंतर सुचलेला नाही एवढं मात्र नक्की, कथेचं आधीचं नावच ‘वायुकन्या’ असं ठरत होतं. ११ फेब्रुवारी १८३७ च्या पत्रात अँडरसनने इंगेमान या कवीला आपली बाजू सांगितली आहे. फूकेसारखं मी जलपरीचा आत्मा एका परक्या माणसाच्या प्रेमावर टांगून ठेवला नाही, तसं असलं तर सगळा योगायोगाचाच खेळ होईल, आणि तो मला मान्य नाही, असा त्याचा आशय. आम्हाला हा मुद्दा बिनतोड वाटतो. आजीने सांगितलेला नियम लेखकाने शेवटी मोडून टाकला. बाईचं तरणं-बुडणं एखाद्या पुरुषाच्या पसंतीवर का असावं? आणि मोडला कुठे, तर लूथरच्या डेन्मार्कमध्ये. १५३६ पासून तिथे लूथरचा पंथ हा राज्याचा धर्म, आणि त्या पंथाचं पहिलं सूत्र असं की मुक्ती श्रद्धेने मिळते, सत्कृत्यं करून ती कमावता येत नाही. आणि इथे एक जलपरी ती कमावायला निघाली आहे, वर्षं मोजून. आपल्याला हे कर्मसिद्धान्तासारखं वाटून फार ओळखीचं वाटतं, म्हणून त्यातलं धाडस चटकन दिसत नाही.

एवढं बोलून झाल्यावर शेवटच्या परिच्छेदाबद्दल मात्र लेखकाची बाजू घेता येत नाही. तिथे तो सांगतो की वायुकन्या अदृश्यपणे घराघरांत शिरतात, चांगलं मूल दिसलं आणि त्या हसल्या की तीनशेतलं एक वर्ष कमी होतं. वाईट मूल दिसलं की त्या रडतात आणि प्रत्येक अश्रूमागे एक दिवस वाढतो. ‘मेरी पॉपिन्स’च्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांनी याला सरळ दमदाटी ठरवलं आणि ते बरोबरच आहे. एका मुलीची मुक्ती दुसऱ्याच्या पसंतीवर टांगायची नाही असं ठरवलं, आणि मग ती घरातल्या पोराच्या दूध पिण्या-न पिण्यावर टांगून ठेवली! त्यातून आणखी एक घोटाळा होतो, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जलपऱ्यांना अश्रू नसतात, म्हणून त्यांना दुःख जास्त होतं, हे कथेत सुरुवातीलाच आलेलं आहे. वायुकन्या झाल्यावर ती सूर्याकडे हात उभारते आणि तिला पहिल्यांदा अश्रू येतात. सगळ्या कथेत यासारखी जागा नाही. आत्मा अजून तीनशे वर्षं लांब आहे, पण रडणं मिळालं. आणि पानभराच्या आत लेखक त्याच अश्रूंवर दिवसाचा दंड बसवतो. जे मिळवायला जीभ गेली, पाय रक्तबंबाळ झाले, ते वापरलं की शिक्षा वाढणार. शाळामास्तर मध्ये घुसला की असं होतं.

ऑस्कर वाइल्डने १८९१ मध्ये हे प्रकरण उलटं करून पाहिलं. त्याच्या कथेतला कोळी जलपरीसाठी आपलाच आत्मा कापून टाकतो. ती कथा पुढच्या वेळी घेऊ, आज वेळ नाही.

घरी मुलांना ही गोष्ट वाचून दाखवायची असेल तर विकत घेताना पुस्तक उघडून तीन जागा बघा. आजीचं आणि नातीचं बोलणं पुरतं आहे का, सुरी आहे का, आणि सूर्याकडे बघून आलेले अश्रू आहेत का. तिन्ही असतील तर घ्या. शेवटचा परिच्छेद वाचायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही आमच्या नातवंडांना वाचून दाखवत नाही.